वजन भरत नाही

आडत दुकानातला काटा माणसांसाठी नसतो. त्याच्यावर सोयाबीनचे, तुरीचे, हरभऱ्याचे कट्टे चढतात आणि उतरतात. पण अकोला-अमरावतीकडच्या तालुक्याच्या गावी सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी त्याच काट्यावर दोन-चार पोट्टे चढून पाहताना दिसतात. घामानं भिजलेली बनियन, टाचेला झिजलेले बूट, पहाटे साडेचारपासून रस्त्यावर धावून आलेले. हमाल विचारतो, "किती भरला बे?"

"एकोणपन्नास तीनशे."

हमाल शेजारच्या कट्ट्यावर थाप मारतो. "हा पन्नासचा हाय. तुह्याहून कट्टा भारी भरला नं बावा!"

सगळे हसतात. पोट्टाही हसतो, पण आकडा त्याच्या डोक्यातून जात नाही. भरतीच्या मैदानावर त्याला हसणारं कोणी भेटणार नाही. तिथे आकडा लिहून घेतील आणि 'पुढचा' म्हणतील.

वऱ्हाडात भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या बोलण्यात चार शब्द सतत येतात: सोळाशे, बीम, छाती, वजन. सोळाशे म्हणजे सोळाशे मीटरची धाव. साडेपाच मिनिटांच्या आत मारली तर साठ गुण. बीम म्हणजे आडव्या दांडीला लटकून हनुवटी वर नेणं. दहा काढले तर चाळीस गुण. छाती न फुगवता ७७ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी पाच. या तिन्हींचा सराव रोज होतो, रोज मोजला जातो. वजनाचा सराव मात्र कोणी करत नाही. ते 'भरतं' किंवा 'भरत नाही', जसा पाऊस येतो किंवा येत नाही. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे की वजनाला पावसासारखं वागवू नये. उंची आईबापांनी दिली. गुडघे, नजर, तळपाय जन्माने आले. मोजमापाच्या त्या सगळ्या यादीत घरच्या चुलीवर घडू शकते अशी वस्तू एकच आहे, आणि नेमकी तीच शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते.

आधी हिशेब पाहू. महाराष्ट्रातल्या मुलाला अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी १६८ सेंटिमीटर उंची लागते. पूर्वी जाहिरातीत सरळ '५० किलो' असं छापलेलं असे. आता उंचीच्या प्रमाणात वजन, असं म्हणतात. सैन्यदलांचा उंची-वजनाचा जो तक्ता आहे त्याच्या पोटात एक साधं गणित आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याला १८ ने गुणा. येईल ते किमान वजन, आणि ते सगळ्या वयांना सारखंच. कमाल वजन वयाप्रमाणे सरकतं. विशीच्या आत असाल तर १८ च्या जागी २२ ने गुणायचं, वीस ते तीसला २३ ने, तिशी ओलांडली की २४ ने, चाळिशीनंतर २५ ने. आपल्या पोट्ट्याची उंची १.६८ मीटर. वर्ग २.८२. अठरा पट केली की ५०.८ किलो, बावीस पट केली की ६२.१. एकोणीस वर्षांच्या मुलाला मिळालेली जागा ही एवढीच, जेमतेम सव्वाअकरा किलोंची. विसावा वाढदिवस झाला की वरची रेघ ६४.९ वर जाते. खालची हलत नाही. नोंदवहीत १७० सेंटिमीटर लागले तर किमान ५२ किलो. उंच मुलांच्या हे लक्षातच येत नाही. उंची जास्त म्हणून खूश असतात आणि वजनात अडकतात.

या गणिताचा जनक बेल्जियमचा अडॉल्फ केटेले. माणूस खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३० च्या दशकात त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधायचं होतं, आणि त्याला असं दिसलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एखाद्या माणसाला नापास करण्यासाठी त्याने हे काढलं नव्हतं. पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं आणि बीएमआय दवाखान्यात शिरला. त्यातली खोट उघड आहे. काट्याला मांस आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

ही खोट कुठे दिसायची असेल तर अमरावतीला. इथे १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांब, लेझीम, कबड्डी हे शब्द जर्मनांनी कदाचित तेव्हाच पहिल्यांदा ऐकले असतील. क्रांतिकारक राजगुरूही या आखाड्यात शिकून गेले. अशा गावात मातीत वाढलेला, मांड्या-दंड भरलेला, १६८ सेंटिमीटर उंचीचा आणि ६८ किलो वजनाचा मुलगा काही विरळा नाही. तक्त्याच्या दृष्टीने तो जाडा. सैन्याच्या नियमात त्याच्यासाठी एक फट ठेवली आहे. राष्ट्रीय पातळीवर कुस्ती, मुष्टियुद्ध किंवा शरीरसौष्ठव खेळल्याचे कागद दाखवले तर जास्तीचं वजन चालतं. तेही बीएमआय २५ च्या आत, कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, कंबर आणि नितंब यांचं प्रमाण ०.९ पेक्षा कमी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक असतील तरच. गावच्या जत्रेतल्या कुस्तीची फेटा-नारळवाली पावती इथे चालत नाही. मला ही अट थोडी कडक वाटते, पण समजण्यासारखी आहे. पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढणाऱ्याच्या गुडघ्याला वजन मांसाचं की चरबीचं याने फारसा फरक पडत नाही.

आणि काट्याबद्दल एक चांगलंही सांगायला हवं. त्याला आडनाव दिसत नाही. इंग्रजांच्या काळात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला, हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजांच्या भारतीय सैन्यात मिसळली आणि तिच्यातल्या एका पलटणीला ९६वी बेरार इन्फन्ट्री हे नाव मिळालं. १९२२ च्या फेररचनेत ती १९व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि १९४५ मध्ये त्या अख्ख्या रेजिमेंटचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. वऱ्हाडचं नाव असं फिरत फिरत हिमालयात गेलं. वऱ्हाडी माणूस मात्र त्या काळी सैन्यात फार दिसत नाही, कारण साहेबाने काही जातींना 'लढाऊ' ठरवलं होतं आणि बाकीच्यांना नाही. पेशवाईपासून पलटणींत असलेल्या महारांची भरती १८९२ च्या सुमारास याच कारणाने बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावं लागलं. त्या मुलांना कितीही दूध पाजलं असतं तरी ती 'भरली' नसती. आजच्या पोट्ट्याला दीड किलो कमी पडतं. हे दुखणं बरं होणारं आहे.

मग ते बरं का होत नाही? पहाटे साडेचारला उठणाऱ्या मुलाचा दिवस पाहा म्हणजे कळतं. ढोबळ हिशेब असा की एक किलो शरीर एक किलोमीटर धावलं की साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. पन्नास किलोचा मुलगा दहा किलोमीटर धावला की पाचशे किलोकॅलरी गेल्या. एवढी ऊर्जा मिळवायला जवळजवळ दोन मोठ्या भाकरी लागतात. तो धावून येतो, चहा पितो, बिस्किटाचा पुडा संपवतो आणि बापाबरोबर वावरात जातो. दुपारी भाकर आणि चून. संध्याकाळी पुन्हा मैदान. रात्री वरण-भात, पण वरणात डाळ कमी, पाणी जास्त. जितकं खातो तितकं जाळतो, कधी त्याहून जास्त. आणि वजन वाढत नाही म्हणून घाबरून आणखी दोन फेऱ्या मारतो.

यातला सल्ला कडू आहे, पण खरा आहे. वजन भरत नसेल तर धावणं कमी करा. सोळाशे मीटरच्या धावेला रोज दहा किलोमीटर लागत नाहीत. आठवड्यातून तीन-चार दिवस नीट धावलं, त्यात दोनदा वेगाचे छोटे तुकडे मारले आणि उरलेल्या दिवशी जोर, बैठका, बीम केले तर वेळ बिघडत नाही. उलट अंगावर येतं ते मांस येतं. नुसतंच खाल्लं आणि ताकदीचं काही केलं नाही तर येते ती चरबी. काट्याला ती चालेल, सोळाशेला चालणार नाही.

खाण्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. शरीरावर एक किलो चढवायला ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. तीन किलो वाढवायचं तर २३,१००. रोजच्या जेवणावर तीनशे जास्त खाल्ल्या तर ७७ दिवस. दसऱ्याला सुरुवात केली तर डिसेंबरअखेर काम होतं. आणि तीनशे किलोकॅलरी म्हणजे किती? दीड मूठ शेंगदाणे आणि गुळाचा लहानसा खडा. बस.

प्रथिनांचंही असंच. कसरत करणाऱ्याला किलोमागे साधारण दीड ग्रॅम धरलं तर पन्नास किलोच्या मुलाला ७५ ग्रॅम लागतात. ज्वारीच्या तीन भाकरींतून अठरा-वीस ग्रॅम येतात. घट्ट वरणाच्या दोन वाट्यांतून बारा-तेरा, दीड मूठ शेंगदाण्यांतून दहा-बारा, तेवढ्याच फुटाण्यांतून दहा. अर्धा लीटर दूध घरात असेल तर सोळा-सतरा. अंडं खात असेल तर प्रत्येकी सहा. यातली एकही वस्तू शहरातून मागवावी लागत नाही. तरी तालुक्याच्या गावात काळ्या डब्यातली पावडर खपते, आणि ती घेणाऱ्याच्या घरात सोयाबीनचे कट्टे छताला लागलेले असतात! शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात. आपण ते पिकवतो, तेलाच्या कारखान्याला विकतो, काही पेंड परदेशी जाते, आणि पोरगं बापाकडे पावडरीला पैसे मागतं. सोयाबीन कच्चं खायचं नाही, एवढं पथ्य आहे. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात, भिजवून नीट शिजवलं की ती निकामी होतात. गव्हाच्या पिठात दहाव्या हिश्शाने सोयाबीनचं पीठ मिसळलं तर चवीला कळतही नाही. डब्यातल्या पावडरीत काय असतं हे पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. 'लवकर भरते' म्हणून कोणी गोळी किंवा सुई सुचवली तर तिथून उठून यावं. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतात. त्यांनी मुलांच्या छातीवर बायकांसारखी गाठ येऊ शकते, आणि वैद्यकीय तपासणीत ती लपत नाही.

सगळं करूनही काटा हलत नसेल तर दवाखाना गाठावा. जंत, क्षय, थायरॉइड, रक्तक्षय, विदर्भात सिकलसेल, ही कारणं पावडरीने जात नाहीत. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत सोळा टक्क्यांहून थोडे जास्त पुरुष बीएमआय साडेअठराच्या खाली निघाले. वजन न भरणारा मुलगा त्या मोठ्या रांगेतलाच एक आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मेळघाटात ही रांग बाळपणापासून सुरू होते. तिथल्या कोरकू मुलांना आदिवासी म्हणून उंचीत सूट आहे, १६२ सेंटिमीटर चालतात. त्या उंचीला किमान वजन ४७.२ किलो येतं. पण धारणी-चिखलदऱ्याच्या मुलाचं वजन सतराव्या वर्षी कमी पडतं तेव्हा त्याचं मूळ दुसऱ्या वर्षी खाल्लेल्या, खरं म्हणजे न खाल्लेल्या, घासात असतं. ती उधारी ७७ दिवसांत फिटत नाही.

आता केळ्यांकडे वळू. भरतीच्या मैदानाबाहेर केळीवाल्याचा गाडा असतोच. तिथे एक-दोन डझन केळी आणि वर दोन लीटर पाणी हा ऐनवेळी वजन भरायचा जुना उपाय. कापूस पिकवणाऱ्याला तो नवा नाही. गाडी बाजारात न्यायच्या आधी कापसावर पाणी मारतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच कापूस महामंडळाचा माणूस ओलावा मोजायचं यंत्र घेऊन उभा राहतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, पुढे माल परत. भरतीत ओलावा मोजत नाहीत, म्हणून मुलांना वाटतं की जमून जाईल. पण क्रम लक्षात घ्या. भरती मेळाव्याला रात्रीच बोलावतात. आधी धाव, मग बीम, नऊ फुटी खड्डा, आणि मग उंची-छाती-वजन. पोटात दोन लीटर पाणी घेऊन सोळाशे मारायची, की आधी धावून, घाम गाळून, उन्हात रांगेत उभं राहून मग गटागट प्यायचं? मूत्रपिंडं तासाला साधारण लीटरभर पाणी बाहेर काढू शकतात. त्याहून जास्त एकदम प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, उलटी होते, फार झालं तर झटके येतात. उलटी झाली की केळी गेली, वजनही गेलं. शिवाय त्या दिवशी घामाने आणि उपासाने अर्धा-पाऊण किलो एरवीही जातो. म्हणून घरच्या काट्यावर ५०.८ आले की काम झालं असं समजू नये. ५२ धरून चालावं.

वरच्या रेघेला अडकणारे वेगळे. ते बहुधा शहरात खोली करून राहणारे, अभ्यासिकेत दहा तास बसणारे, संध्याकाळी गाड्यावर गिला वडा आणि आलूबोंडा खाणारे. २०२३ पासून आधी संगणकावरची परीक्षा आणि मग मेळावा असा क्रम झाल्यापासून या बसण्यात भर पडली आहे. परीक्षेचा निकाल लागतो, हाती काही आठवडे उरतात आणि आरशात पोट दिसतं. मग प्लास्टिकची पिशवी अंगाला गुंडाळून धावणं, पाणी तोडणं, लघवीच्या गोळ्या. हिवाळ्यात यातून फक्त थकवा येतो. उन्हाळ्यात जीव जातो. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावलं होतं. दंगलीचं कलम उन्हाला! अशा गावात पाणी न पिता धावायचं म्हणजे उष्माघाताला चिठ्ठी लिहून बोलावणं. उतरवायचं तर आठवड्याला अर्धा किलो, जास्त नाही. चार किलोंना दोन महिने लागतात.

वजनाचं हे दुखणं काही आपल्याच भागात नाही. बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडच्या कारखानी शहरांतली इतकी मुलं भरतीत नापास झाली की सरकारला समिती नेमावी लागली. १९०४ ला तिचा अहवाल आला आणि १९०६ ला शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला. अमेरिकेत उलटा प्रश्न आहे. तिथल्या लष्कराने ऑगस्ट २०२२ मध्ये साऊथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला एक शिबिरच उघडलं. चरबी थोडी जास्त असलेल्या उमेदवारांना तिथे ठेवून घेतात, नव्वद दिवसांपर्यंत मुदत देतात, आणि उतरली की प्रशिक्षणाला पाठवतात. दक्षिण कोरियात तर सक्तीची भरती चुकवायला मुलं मुद्दाम वजन वाढवतात किंवा घटवतात आणि पकडली गेली की कोर्टात उभी राहतात. आपल्या पोट्ट्याला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसायचा नाही.

आपल्याकडे फोर्ट जॅक्सनसारखं काही नाही. मेळाव्यातला डॉक्टर अनफिट म्हणाला तर लष्करी इस्पितळात पुन्हा तपासणी करून घेण्याची संधी मिळते. नागपूर भरती कार्यालयाखाली येणाऱ्या आपल्या मुलांना त्यासाठी बहुतेक कामठी गाठावी लागते. पण ही संधी एकदाच, आणि दिवस मोजके. चारशे ग्रॅम कमी असतील तर तेवढ्यात भरतील, तीन किलो भरणार नाहीत. मुलं परत येतात तेव्हा 'वजनात गेलो' म्हणतात, आणि घरच्यांना वाटतं, नशीब. वयाची अट असलेल्या भरतीत असं एक वर्ष जाणं म्हणजे काय ते त्याच घराला कळतं.

घरात भरतीचा मुलगा किंवा मुलगी असेल तर एक करा. जाहिरातीची वाट पाहू नका. कागदावर उंचीचा वर्ग काढा, अठराने आणि बावीसने (विशी ओलांडली असेल तर तेवीसने) गुणा, ते दोन आकडे चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही न खातापिता वजन करा आणि तारखेसह वहीत मांडा. काटा आडतीवरचा असला तरी चालेल, फक्त दर वेळी तोच असू द्या.